नवीन बोअर नंतर पाडा, आधी बंद हापसे चालू करा

मा. संपादक साहेब,

आमच्या गावात शाळेजवळचा हापसा गेल्या उन्हाळ्यात बंद पडला, दांडा वरखाली होतोय पण पाणी काही येत नाही. गावातल्या जुन्या मिस्त्रीने दांडा हातात धरूनच सांगितलं की दांडा एकदम हलका लागतोय म्हणजे आतलं वॉशर गेलंय नाहीतर रॉड तुटलाय, बोअरला पाणी आहे. अर्ज दिले, फोन केले, दुरुस्तीचं पथक आलंच नाही. आणि मग काय झालं तर त्याच हापशाच्या शेजारी नवीन बोअर मंजूर झाला, गाडी आली, पाडला पण. वॉशरचं काम होतं हो!

नवीन बोअरचा फोटो निघतो, नारळ फुटतो, बिल पण मोठं निघतं. दुरुस्तीचं कौतुक कोणालाच नाही, म्हणून ती कायम मागे पडते.

आपल्याकडे गावोगाव दिसतो तो हापसा मुळात सोलापूरचा आहे हे किती जणांना माहीत आहे? 1972 च्या दुष्काळात काळ्या पाषाणात बोअर पाडले गेले, पण त्यावरचे बिडाचे पंप अख्ख्या गावाचा भार सोसेनात, सारखे मोडायचे. तेव्हा साखळीवर चालणारा दणकट सोलापूर पंप होता, त्याच्यावरूनच युनिसेफच्या मदतीने 1970 च्या दशकाच्या शेवटी आपला हा हापसा, म्हणजे इंडिया मार्क टू, तयार झाला आणि पुढे आफ्रिकेत पण गेला. तिथेही आपलंच दुखणं निघालं, पंप बसवले पण दुरुस्तीचं कोणी बघितलं नाही. 2009 मध्ये आफ्रिकेतल्या वीस देशांची आकडेवारी गोळा केली तर सरासरी 36 टक्के हातपंप बंद निघाले.

मार्क टू ची अडचण अशी की वॉशर बदलायचं तरी सगळे पाईप वर ओढावे लागतात, त्याला तिवई लागते, माणसं लागतात. म्हणून नंतर मार्क थ्री आला, त्याचा पाईप मोठा असतो, नुसते रॉड ओढले की वॉशर बसवलेला पिस्टन वर येतो, हे काम गावातली दोन-तीन पोरं शिकून करू शकतात. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात तर गावातल्या बायकांनी 1990 च्या दशकात हातपंप दुरुस्तीचं ट्रेनिंग घेतलं आणि पाना हातात घेऊन गावोगाव पंप दुरुस्त केले. केनियात कितुई भागात एक दुरुस्ती सेवा आहे, लोक महिन्याला थोडे पैसे भरतात आणि बिघाड झाला की मेकॅनिक दोन-तीन दिवसात हजर, आधी महिना महिना जायचा. मग आपल्याला का जमू नये?

बिघाड ओळखायला पण फार शिक्षण लागत नाही. पाणी यायला आधी खूप वेळ हापसावं लागत असेल तर खालचा व्हॉल्व्ह गळतोय, दांडा आजूबाजूला हलत असेल तर बेअरिंग गेलं, साखळी करकरत असेल तर ग्रीस नाही. साखळी, बेअरिंग, वॉशर एवढे पार्ट ग्रामपंचायतीच्या कपाटात असले तरी निम्मा त्रास वाचेल असं माझं स्पष्ट मत आहे. ओटा फुटला असेल तर तोही लगेच करून घ्यावा, नाहीतर सांडपाणी परत बोअरमध्येच मुरतं आणि तेच आपण पितो. सार्वजनिक पाण्याच्या सोर्सपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय खाजगी बोअर पाडायला 1993 पासून कायद्याने बंदी आहे, ती पण कोणी पाळत नाही आणि मग लोक म्हणतात हापसा आटला.

घरोघर नळ आले म्हणून हापसे नकोत असं कोणी म्हणू नये, लाईट गेली की नळ बंद आणि सगळी हापशावर.

माझी मागणी एवढीच आहे की सरकारच्या पाणी टंचाई आराखड्यात विंधन विहीर (म्हणजे बोअर) विशेष दुरुस्ती असते ती ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पहिल्या टप्प्यातच करून टाकावी, एप्रिलमध्ये नाही. आणि ज्या गावात नवीन बोअर मंजूर होतोय तिथले किती जुने हापसे बंद आहेत, कशामुळे बंद आहेत हे ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय मंजुरी देऊ नये. आपल्या पेपरने तालुकावार बंद हापशांची यादी मागवून छापावी ही कळकळीची विनंती.

एक वाचक,
ता. बार्शी, जि. सोलापूर