तक्त्यातला बाजरा आणि ताटातली भाकरी : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,

स. न. वि. वि.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातल्या मुलाला रोज 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. मेनू ठरवताना ही बेरीज अन्नघटकांच्या तक्त्यांवरून, म्हणजे कोणत्या पदार्थात कोणता पोषक घटक किती हे सांगणाऱ्या याद्यांवरून होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. देशाचे सहा विभाग करून नमुने गोळा केले, 151 घटक मोजले. काम मोलाचे आहे. पण त्याआधीची सुधारित आवृत्ती 1989 ची. मधली 28 वर्षे जुनेच आकडे फिरत राहिले, आणि आजही फिरतात.

त्याने काय होते ते बाजरीवरून पाहा. जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम बाजरीत तंतू 1.2 ग्रॅम, नव्यात सुमारे साडेअकरा. बाजरी बदलली नाही, मोजण्याची रीत बदलली. पूर्वी आम्ल आणि अल्कलीत उकळून जो चोथा उरे तेवढाच धरत; आता विकरांनी (एन्झाइमनी) पिष्ट व प्रथिने पचवून उरलेला सगळा आहारतंतू धरतात. एखाद्या अ‍ॅपमध्ये ज्वारी जुन्या तक्त्यातली आणि बाजरी नव्यातली घातली, की तुलनेला काही अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी पद्धत, नमुन्यांची संख्या आणि ओलाव्याचे प्रमाण हवेच. प्रथिनांचेही तसेच. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणून प्रथिने काढतात: गव्हात नायट्रोजन 2 टक्के आला, तर सर्वसाधारण 6.25 ने गुणून 100 ग्रॅममागे 12.5 ग्रॅम होतात, गव्हाच्या 5.83 या गुणकाने 11.7.

पालेभाजीतले लोह तर फारच नाजूक प्रकरण. पानाला चिकटलेल्या मातीतही लोह असते. भाजी नळाच्या पाण्याने आणि मग विआयनीकृत (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने धुतली नाही, की ती मातीच 'पोषण' म्हणून तक्त्यात चढते. साध्या मिक्सरच्या पोलादी पात्याची झीजही नमुन्यात उतरते. त्यासाठी टायटॅनियमचे पाते लागते. क जीवनसत्त्वाची अडचण उलटी: पाने चिरल्यावर ते लगेच कमी होऊ लागते, म्हणून चिरता चिरताच मेटाफॉस्फोरिक आम्लात घ्यावे लागते. बाजारातून प्रयोगशाळेपर्यंत थंड पेटीची सोय नसेल, तर पुढचे महागडे यंत्र शोभेचे.

नावांचाही घोळ आहे. मराठी चवळी म्हणजे कडधान्य, हिंदी चौलाई म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातली पालेभाजी, आणि आपल्या मंडईत त्या पालेभाजीलाही 'चवळी' म्हणतात. शास्त्रीय नाव आणि कोणता भाग घेतला हे नोंदवले नाही, तर एकीचा आकडा दुसरीपुढे चढतो, आणि त्यात डेटा भरणाऱ्याचा दोष नाही.

सर्वात मोठे खिंडार मात्र शिजवलेल्या अन्नाचे. तक्ते कच्च्या जिनसांचे, ताटात वरण. 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने. तिचे 400 ग्रॅम वरण झाले, तर 100 ग्रॅम वरणात साडेपाच. वाटीभर वरणाच्या वजनापुढे कच्च्या डाळीचा आकडा लावला की मूल कागदावर चौपट जेवते. शिजवताना किती जीवनसत्त्व टिकते याचे गुणक तर आपण बरेचदा परदेशी तक्त्यांतून उसने घेतो. तिथे ना तव्यावरची भाकरी, ना पुन्हा पुन्हा गरम केलेली आमटी.

आमच्या मागण्या अशा. या कामाला प्रकल्प म्हणून नव्हे, तर अर्थसंकल्पात दरवर्षीच्या निधीचे स्वतंत्र लेखाशीर्ष द्या. त्यातून काही पदार्थ दरवर्षी नव्याने तपासले जावेत. टाकळ्यासारख्या पावसाळी रानभाज्यांसाठी निधी जूनच्या आधी हातात पडावा, कारण मंजुरी दिवाळीत आली की भाजी संपलेली असते. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना एकच प्रमाणित संदर्भ नमुना (ज्याचे आकडे आधीच पक्के ठाऊक आहेत असा) पाठवून त्यांचे निकाल ताडून पाहावेत. जुळले नाहीत तर ते आकडे घेऊ नयेत. प्रत्येक विभागातल्या नेहमीच्या शिजवलेल्या पदार्थांचे कच्चे व शिजलेले वजन मोजून उतारा, म्हणजे शिजल्यावर वजन किती पट होते ते, ठरवावा. आणि सगळी माहिती पीडीएफमध्ये न अडकवता, आवृत्ती क्रमांकासह खुल्या फाइलमध्ये द्यावी.

कळावे,

अन्नविश्लेषण आणि आहारशास्त्रात काम करणारे आम्ही