केप ऑटवेच्या रस्त्यावर भेटलेल्या आजी-आजोबांना

जुलैत आम्ही चौघे मेलबर्नहून वॉरनाम्बूलला देवमासे बघायला निघालो होतो. केप ऑटवेच्या फाट्यावर झाडांतले कोआला पाहून परतताना टायर फुटला. पाऊस, अंधारून आलेलं, मोबाइलला रेंज नाही. स्टेपनी होती, पण चाकाचे नट काही केल्या हलेनात.

तेवढ्यात तुमची जुनी गाडी थांबली. आजोबा, तुम्ही पान्याला लोखंडी नळी अडकवून एकेक नट सैल केलात, ओल्या खडीवर गुडघे टेकून. आजी, तुम्ही सगळा वेळ त्यांच्यावर छत्री धरून स्वतः भिजत होतात. मग थर्मासमधला चहा आधी आम्हाला दिलात. एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायलो. स्टेपनीवर ८०च्या वर जायचं नाही, असं बजावून लेव्हर्स हिलपर्यंत मागून दिवे लुकलुकवत आलात. आम्ही वळून हात करेपर्यंत तुम्ही निघूनही गेला होतात. नाव विचारायचं राहिलं, ते फार लागून राहिलंय.

दुसऱ्या दिवशी लोगन्स बीचवर सदर्न राईट जातीची देवमाशीण पिल्लाला घेऊन किनाऱ्यालगत संथ पोहत होती. तेव्हा तुमचीच आठवण निघाली. मनापासून आभार, आजी-आजोबा.