प्रकल्पात इन्स्टॉलेशनच्या नोंदीलाही गुण हवेत

संपादक महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळा, त्यातले जीपीयू (जलद गणिते करणारी संगणक-कार्डे) आणि त्यांवरचा खर्च यांच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. यंत्र आल्यानंतर पुढे काय होते, ते मी रोज पाहते. शेवटच्या वर्षाची मुले एखादा शोधनिबंध निवडतात, त्याचा कोड उतरवून घेतात, आणि पहिल्या रिव्ह्यूपर्यंत तो चालूच होत नाही. गाईड विचारतात, ‘मॉडेल कुठवर आलं?’ मुले मॉडेलपर्यंत पोचलेलीच नसतात; ती इन्स्टॉलेशनमध्येच, म्हणजे लागणारी सॉफ्टवेअर बसवण्यातच, अडकलेली असतात.

यंदा एका गटाने मराठी उच्चार ओळखणारी प्रणाली घेतली. विषय उत्तम, मुले कष्टाळू. त्यांचा कोड ‘फेअरसेक’ या तयार सॉफ्टवेअरच्या ०.१२.२ या आवृत्तीवर उभा होता. ती ‘ओमेगाकॉन्फ’ नावाचे पॅकेज (तयार कोडचा संच) २.१ च्या आधीचेच मागते, आणि त्या जुन्या पॅकेजची माहिती ज्या पद्धतीने लिहिली आहे ती पायथॉन भाषेची पॅकेजेस बसवणाऱ्या ‘पिप’ने २०२४ मधल्या २४.१ या आवृत्तीपासून नाकारली. म्हणून आधी पिप जुन्या आवृत्तीवर न्यायचा. मग पायथॉन ३.११ वर फेअरसेक उघडतानाच त्यातल्या ‘डेटाक्लास’ या रचनेबद्दल तक्रार येते, म्हणून ३.१० घ्यायचा. तोवर आकडेमोडीच्या ‘नमपाय’ या पॅकेजची नवी आवृत्ती येऊन बसलेली असते. जुन्या कोडमध्ये ठिकठिकाणी ‘एनपी.फ्लोट’ हे नमपायचे जुने नाव असते, ते नमपायने १.२४ मध्ये काढून टाकले, म्हणून १.२३ वर थांबायचे. एवढे करून प्रशिक्षण सुरू केले, तर ‘नो कर्नल इमेज’ असा संदेश येऊन पुन्हा सगळे ठप्प. प्रयोगशाळेतले कार्ड आरटीएक्स ३०६०, आणि मॉडेल शिकवणाऱ्या ‘पायटॉर्च’ १.११ ची पिपने आपणहून आणलेली प्रत ‘कुडा’ (कार्डाकडून गणिते करून घेणारे एनव्हीडियाचे सॉफ्टवेअर) १०.२ साठी बांधलेली. तिला हे कार्ड ओळखताच येत नाही. त्याच पायटॉर्चची कुडा ११.३ ची प्रत घातली आणि काम सुरू झाले.

यात एकाही ठिकाणी मुलांचे गणित कच्चे नव्हते, की कोड लिहिणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. प्रत्येक भाग आपापल्या वाटेने पुढे गेला. ज्या दिवशी ते सगळे एकमेकांशी जुळत होते, त्या दिवसाची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. आणि मुलांना वाटत राहते की आपल्यालाच जमत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच इंजिनिअरिंगला आलेल्या मुली तर दुसऱ्याच चुकीला गप्प होतात. मला सर्वांत जास्त खुपते ते हे.

दोन गोष्टी पहिल्या वर्षापासून शिकवायला हव्यात. पहिली, चूक दाखवणारा संदेश (एरर मेसेज) वाचणे. प्रोग्राम चालताना तुटला तर बहुधा शेवटची ओळ कामाची असते. पण पिप एखादे पॅकेज बांधताना तुटला तर खरे कारण बरेच वर असते आणि शेवटी फक्त ‘झाले नाही’ एवढेच उरते. मुले त्या शेवटच्या ओळीचाच फोटो काढून पाठवतात. दुसरी गोष्ट कुडाची. ‘एनव्हीडिया-एसएमआय’ ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा दिली की वर उजवीकडे कुडाचा आकडा दिसतो. तो आकडा म्हणजे हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) कुडाच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत चालवू शकतो याची मर्यादा. कुडा टूलकिट (कुडासाठी कोड बांधायची साधने) बसवले आहे असा त्याचा अर्थ नाही. पिपवरचा पायटॉर्च स्वतःपुरती कुडा सोबत आणतो, त्यामुळे स्वतः काही कंपाइल करायचे नसेल तर टूलकिट लागतही नाही. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले चालणारे ड्रायव्हर पुसून टाकले जातात.

खर्चाचेही पाहा. जीपीयूसाठीचा पायटॉर्च सगळ्या लायब्ररींसह दोन जीबीच्या वर जातो. वसतिगृहातला मुलगा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतो. एका फसलेल्या प्रयत्नात त्याचा दिवसाचा डेटा संपतो. आमच्याकडे आता लागणारी पॅकेजेस ‘पिप डाउनलोड’ने एकदाच उतरवून प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर ठेवतो. मुले पेन ड्राइव्हवर नेतात आणि इंटरनेटशिवाय बसवतात. हे कुठलेही महाविद्यालय उद्यापासून करू शकते, त्याला निधी लागत नाही.

माझी मागणी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आहे. प्रकल्पाच्या गुणांतले काही गुण इन्स्टॉलेशनच्या नोंदीसाठी राखून ठेवावेत. ब्लॅक बुकला, म्हणजे प्रकल्पाच्या अहवालाला, एक पान जोडावे: ऑपरेटिंग सिस्टिम, पायथॉन, ड्रायव्हर, कार्ड, प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, आणि वाटेत काय अडले व कसे सुटले. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा देते ती पॅकेजेसची यादी नुसती पुरत नाही, कारण तिच्यात पायथॉनची आवृत्तीही नसते आणि ड्रायव्हरचीही. परीक्षकाने व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) वेळी दुसऱ्या यंत्रावर त्या पानावरून प्रकल्प उभा करायला सांगावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जगातल्या मोठ्या परिषदांपैकी नूरिप्सने २०१९ पासूनच शोधनिबंधासोबत, तो प्रयोग इतरांना पुन्हा करता यावा म्हणून, तपासयादी मागायला सुरुवात केली. आपल्या मुलांना ती सवय पदवीपूर्वीच लागावी.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये ‘इंडियाएआय मिशन’साठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. जनतेच्या पैशातून जो कोड लिहिला जाईल, त्याच्याबरोबरही असेच पान असण्याची अट हवी. मराठीसाठी तयार झालेली मॉडेल्स पाच वर्षांनी उदगीरच्या मुलीला चालवता आली पाहिजेत.

अभ्यास मंडळाने निदान गुणांचा निर्णय पुढच्या सत्राचे प्रकल्प वाटप होण्याआधी घ्यावा, म्हणजे मुलांना कोड निवडतानाच तो किती जुना आहे हे पाहता येईल.

— संगणक विभागातील एक प्रयोगशाळा सहायक, लातूर