दोन वायफाय एकाच कॉम्प्युटरला, आणि डोक्याला ताप

संपादक साहेब,
नमस्कार. तुमच्या पेपरात मधूनमधून नेट स्लो असेल तर राऊटर बदला, प्लॅन वाढवा असं छापून येतं, पण माझ्या घरी जे झालं ते कुठंच वाचलं नाही म्हणून लिहितोय.

आमचा डेस्कटॉप जुना, आत बसवलेलं वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, म्हणजे वायफायच्या जुन्या, हळू पट्ट्यावरचं. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा मिळावा म्हणून यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबीत खुपसायचं छोटं वायफाय, आणलं. लावल्यावर आधी तर सीडी ड्राइव्ह दिसायला लागला, मी म्हटलं हे काय भलतंच, तर त्यात ड्रायव्हर, म्हणजे ते चालवायचं सॉफ्टवेअर, ठेवलेला असतो म्हणे, तो टाकला की मग ते वायफाय होतं. झालं एकदाचं. पण मुलीचा व्हिडिओ कॉल दर दहा मिनिटाला अडकायचा. दुकानातला माणूस आला, फॉरमॅट मारावं लागेल म्हणाला, तोही केला, ५०० रुपये गेले आणि प्रॉब्लेम जिथल्या तिथं!

शेवटी पुण्याच्या भाच्याने फोनवर बघितलं. ‘मामा, तुमची दोन्ही वायफाय एकाच राऊटरला जोडलेली आहेत.’ खरंच, वायफाय आणि वायफाय २ अशी दोन नावं होती आणि दोघांना वेगळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. विंडोज प्रत्येकाला एक आकडा देतं, मेट्रिक म्हणतात, तो ज्याचा कमी त्याच्यातून नेट जातं. हा आकडा ते स्पीड बघून आपोआप ठरवतं, म्हणजे डोंगलचा स्पीड घसरला की गाडी जुन्या कार्डावर, वाढला की परत डोंगलवर, आणि कॉल मध्येच लटकणार. उपाय काय तर विंडोज आणि आर दाबायचं, एनसीपीए डॉट सीपीएल (ncpa.cpl) टाइप करून एंटर मारायचं, जोडण्यांची यादी उघडते, त्यात जुन्या कार्डावर राइट क्लिक आणि डिसेबल. बास. काढून फेकायची गरज नाही, डोंगल बिघडलं तर परत चालू करता येतं.

अजून एक, डोंगल आम्ही मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात खुपसलं होतं, शेजारी हार्ड डिस्क. यूएसबी ३ ची खरखर २.४ च्या सिग्नलमध्ये मिसळते, इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. ५ वर त्याचा त्रास होत नाही, पण आमचं डोंगल तेव्हा २.४ लाच जोडलेलं होतं, कोण बघतंय. एक मीटरची एक्स्टेंशन वायर लावून टेबलावर आणलं, सिग्नलच्या कांड्या लगेच वाढल्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवायला डोंगल बंद करण्याची टिक असते, तीपण काढून टाकली.

माझं म्हणणं एवढंच की डोंगल विकताना दुकानदाराने ‘आतलं जुनं कार्ड बंद करा’ एवढं तरी सांगावं, आणि कंपन्यांनी खोक्यात मराठीत एक चिठ्ठी टाकावी. आमच्या खोक्यात अकरा भाषांचा कागद होता, मराठी सोडून.

— एक वाचक, सातारा