प्रेमकादंबरीतले रहस्य आणि आपली परीक्षणे

महोदय,

पुस्तकांच्या पानावर अलीकडे हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्यांनाही जागा मिळते, हे चांगले आहे. पण अशा कादंबरीत रहस्याचा धागा असला की परीक्षण हमखास घसरते. एक तर 'प्रवासात वाचायला बरी' म्हणून दोन ओळींत तिची बोळवण होते, नाही तर 'शेवटी जबरदस्त धक्का' असे लिहून त्या धक्क्यातली हवा काढून टाकली जाते. धक्का आहे एवढेच कळले, तरी मुरलेला वाचक पहिल्या प्रकरणापासून सर्वांत सज्जन पात्रावर डोळा ठेवून बसतो.

'शेवट अपेक्षितच होता' हा आणखी एक नेहमीचा शेरा. नायक-नायिका एकत्र येणार हे या प्रकारात गृहीतच असते. लपवलेले असते ते गुन्हेगाराचे नाव. पाहायचे ते हे, की दोन्ही धागे एकमेकांत विणलेत की नुसते शेजारी ठेवलेत. हरवलेल्या हाराची गहाणपावती नायिकेला नायकाच्याच कोटात सापडली, तर तपास पुढे सरकतो आणि त्याच क्षणी विश्वास मागे सरतो. तीच माहिती कुणी तिऱ्हाईताने फोनवर सांगितली आणि पुढच्या पानावर दोघांची थट्टामस्करी पूर्ववत सुरू झाली, तर ती एका पुठ्ठ्यात बांधलेली दोन पुस्तके समजावीत.

रहस्यकथेच्या जुन्या नियमकर्त्यांना ही जोडणी मुळात पसंत नव्हती. एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये वीस नियम मांडले, त्यांतला तिसराच नियम प्रेमप्रकरणाला मज्जाव करणारा. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा नियम दिले, त्यांतला पहिला मात्र आजही उपयोगी पडतो: गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच भेटलेला असावा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आले, असा तो नसावा. आजच्या अनेक प्रेमकादंबऱ्यांत एक प्रकरण तिच्या तोंडून आणि एक त्याच्या तोंडून येते. म्हणजे या नियमाने नायक आपोआप संशयातून सुटला! तरीही लेखक त्याच्यावर संशय वळवत राहिला, तर ती पाने फुकट जातात. आणि त्याच्या मनात शिरूनही त्याला ठाऊक असलेली गोष्ट वाचकापासून लपवली, तर ती सरळ फसवणूक. निवेदन फक्त नायिकेचे असेल, तेव्हा नायकावरचा संशय खरा वाटतो. त्यामुळे निवेदक किती, हे परीक्षणात यायलाच हवे. त्याने कथेचे काहीही फुटत नाही.

अशा कादंबरीत दुवे बहुधा लाडिक भांडणात लपवलेले असतात. वाचकाचे लक्ष ती दोघे काय बोलतात याकडे असते, आणि तेवढ्यात शेजारीण 'मी तर काल गावातच नव्हते' म्हणून जाते. तीन वस्तूंची यादी आली तर मधली पुन्हा वाचावी. पहिली आणि शेवटची लक्षात राहते, मधली निसटते. तीनशे पानांच्या पुस्तकातली पहिली पाऊणशे पाने सलग, फार तर दोन बैठकांत वाचावीत. आठवडाभराचा खंड पडला तर नावे विसरतात आणि पुढची उकल ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. तो दोष लेखकाचा नसतो. ऐकायच्या पुस्तकात (ऑडिओबुकमध्ये) मागे जाणे कटकटीचे, म्हणून तिथे नावे टिपून ठेवलेली बरी. ई-पुस्तकात तळाशी दिसणारा टक्क्यांचा आकडा मात्र झाकावा: साठ टक्क्यांवर कुणाला अटक झाली तर तो माणूस निर्दोष, हे पोलिसांच्या आधी वाचकाला कळते.

दोष कुठे येतात, तेही ठरलेले आहे. एका सरळ प्रश्नाने मिटला असता असा गैरसमज शंभर पाने ताणला जातो. गुन्हेगार शेवटच्या चतुर्थांशात उगवतो, किंवा पकडल्यावर दोन पाने भाषण करून स्वतःचा हेतू समजावतो, कारण लेखकाने तो आधी पेरलेलाच नसतो. सर्वांत अवघड असते ते सूर सांभाळणे. नायिकेच्या जवळच्या माणसाचा खून झाला आणि दोन पानांनी ती लाजून हसली, तर ती निर्दय वाटते. म्हणून जाणते लेखक चोरी, निनावी पत्रे, बेपत्ता मृत्युपत्र असले गुन्हे निवडतात. खून हवाच असेल तर मेलेला माणूस कुणाला फारसा न आवडणारा असतो.

तेव्हा परीक्षकांना विनंती, की कथानक पहिल्या चतुर्थांशापुढे सांगू नये. त्याऐवजी हिंसा पानावर घडते की पडद्याआड, शृंगार किती मोकळा, आणि उकलीनंतर पहिली तीन प्रकरणे पुन्हा वाचली तर दुवे जागेवर सापडतात का, हे सांगावे. पुस्तक मालिकेतले असेल तर तेही लिहावे. एकच जोडपे चार-पाच भाग चालते तेव्हा गणित उलटे होते. गुन्हेगार दर भागात सापडतो आणि लग्न लांबत जाते. तिथे तिसऱ्या भागाच्या परीक्षणाबरोबर नवदांपत्याचे चित्र असलेले मुखपृष्ठ छापले, तर पहिल्या दोन भागांच्या वाचकांनी काय करावे?

– एक वाचक