सुमीस, पडद्यांबद्दल

श्रीवर्धन,
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

मुरुडच्या घराचे फोटो पाहिले. झकास! पण पडदे पुण्यातल्या दुकानात बसून ठरवू नकोस बाई. मी तेच केलं होतं.

हॉलसाठी जाड, मखमलीसारखे पडदे घेतले, गोल कड्यांवाले. पहिल्याच पावसाळ्यात कड्या गंजल्या आणि प्रत्येक कडीभोवती कापडावर तांबूस वर्तुळ उमटलं, चहाच्या कपाचं उमटतं तसं. लिंबू-मीठ चोळून बोटं सोलली, डाग हलला नाही. श्रावणात अस्तराला आतून काळी बुरशी. खोलीत पाऊल टाकलं की ओल्या गोणपाटाचा वास.

तेव्हा रंग नंतर बघ, आधी वारा बघ. दुपारी खारे वारे पश्चिमेकडून, पहाटे मतलई डोंगराकडून. पूर्वेच्या खिडकीला मी आईच्या जुन्या सुती नऊवारीचे पडदे केलेत, वारा अडत नाही. पश्चिमेला संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यात आणि पावसात झड. तिथे आत पॉलिस्टर, कारण ते भिजलं तरी लवकर सुकतं, आणि बाहेर पडवीला बांबूच्या काड्यांची चीक. लाकडी पट्ट्यांचे ब्लाइंड नकोच, दमट हवेत वाकतात. ॲल्युमिनियमचे टिकतात, पण खिडकी उघडी असली की रात्रभर खडखड. ह्यांना ऐकू येत नाही, मला येते.

दांडी स्टेनलेस स्टीलची घे, 316 नंबरची मिळाली तर उत्तम. 304 वर समुद्राजवळ डाग पडतात. चार फुटी खिडकीला आठ फूट कापड, नाहीतर चुण्या पडत नाहीत. सुती कापड शिवायच्या आधी भिजव. मी नाही भिजवलं. स्वयंपाकघरातला पडदा आता आखूड झालेल्या परकरासारखा दिसतो. आणि ब्लाइंडची दोरी लोंबती ठेवू नकोस, चिंगी आता धरून उभी राहते ना? गळ्यात अडकायला वेळ लागत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि आमची चीक पार तिसऱ्या वाडीत सापडली, अख्खी! तेव्हापासून मे संपता संपता ती उतरवते आणि पडवीला नारळाची झापं बांधून घेते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे आधीच विचारायचंस की गो."

आगरदांड्याहून फेरीबोटीने एक दिवस ये. खिडक्यांची मापं लिहून आण, इंचात. मागच्या वेळी तू वितीने मोजून आणली होतीस.

तुझी,
विजू