मिस्ट्री पॅकमधली फसवणूक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा मुलगा सातवीत आहे. पाडव्याला आजीने दिलेले आणि खाऊतून वाचवलेले असे १,२०० रुपये त्याने साठवले होते. पोकेमॉन या जपानी कार्टूनमधल्या पात्रांची कार्डे मुले जमवतात. मोबाइलवर ‘पोकेमॉन मिस्ट्री पॅक, एक दुर्मीळ कार्ड हमखास’ अशी, म्हणजे आत कोणती कार्डे आहेत ते न सांगता विकायच्या पाकिटाची, जाहिरात पाहून त्याने माझ्यामागे भुणभुण लावली आणि मीही चौकशी न करता दिलेल्या नंबरवर पैसे पाठवून मोकळा झालो. चूक माझी, पोराची नाही.

आठवड्याने चंदेरी पाकीट आले. आत वीस कार्डे. शेजारची कॉलेजातली मुलगी अशी कार्डे जमवते. तिने एक कार्ड मोबाइलच्या टॉर्चवर धरले, तर उजेड आरपार. तिच्याकडचे अस्सल कार्ड धरले, तर उजेड जवळपास अडला, कारण कागदाच्या थरांमध्ये एक गडद थर असतो. आमच्या कार्डांची मागची निळी बाजू विटकी, आणि इंग्रजी नावातल्या ‘ई’वरची छोटी तिरकी रेघ गायब. वीसच्या वीस बनावट. पोरगं काही बोललं नाही. कार्डे गोळा करून कंपासपेटीखाली सारली आणि जेवायला आलंच नाही.

कंपनीच्या सीलबंद पाकिटात (त्याला बूस्टर पॅक म्हणतात) कोणते कार्ड निघेल हे नशिबावर असते, पण ते पाकीट कारखान्यात भरलेले असते. मिस्ट्री पॅक मात्र बहुतेक वेळा विकणाराच भरतो. आत काय आहे हे त्याला माहीत, आपल्याला नाही. मग तो मोलाचे कार्ड आत कशाला ठेवील? जुनी सीलबंद पाकिटेसुद्धा काही जण बारीक काट्यावर तोलतात. चमकदार, म्हणजे मोलाचे कार्ड असलेले पाकीट किंचित जड भरते. अशी जड पाकिटे काढून घ्यायची आणि हलकी तेवढी खपवायची. जाहिरातीच्या व्हिडिओत भारी कार्ड निघते, पण ते पाकीट आपल्या घरी येत नाही.

आपल्या सांगलीत बेदाण्याच्या सौद्यात माल पाहिल्याशिवाय कोणी बोली बोलत नाही. पोरांच्या कार्डांना तोच नियम लावावा असे मला कळकळीने वाटते. हवे ते कार्ड सुटे, दोन्ही बाजू पाहून घ्यावे. पाकीटच हवे असेल तर कंपनीचे सीलबंद, पक्क्या पावतीवर घ्यावे. पाकीट उघडताना सुरुवातीपासून न थांबवता व्हिडिओ काढावा. तक्रारीला तो उपयोगी पडतो. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. ग्राहक म्हणून दाद मागायची तर १९१५ हा क्रमांक आहे.

शाळांजवळच्या स्टेशनरी दुकानांतही सोनेरी प्लास्टिकच्या कार्डांची पाकिटे सर्रास लटकलेली दिसतात. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, नगसंख्या आणि कमाल किंमत छापणे पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. मी विश्रामबागेत चार पाकिटे उलटून पाहिली, एकावरही पत्ता नव्हता. वैधमापन विभागाने शाळांच्या परिसरात तपासणी करावी, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपला,
एक पालक
विश्रामबाग, सांगली